व्हिक्टोरियन कादंबऱ्यांवरच्या टीव्ही मालिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतल्या कुणी 'डिकन्सचं काहीतरी बघायचंय, कुठलं बघू?' असं विचारलं की माझा अर्धा तास जातो, आणि विचारणाऱ्याचा पाऊण. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं एकदाच बसून लिहून काढली. भर बीबीसीवर आहे, कारण या प्रांतातलं बरंचसं मोलाचं काम तिथेच झालं. सिनेमे बाजूला ठेवलेत. रहस्य फोडायचं नाही असा प्रयत्न आहे. जिथे शेवट सांगावाच लागला, तिथे आधी सावध केलंय.

व्हिक्टोरियन म्हणजे नेमकं कधीचं? 'प्राइड अँड प्रेज्युडिस' त्यात धरायची का?

नाही. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ साली आणि वारली १९०१ साली. ती लिहिणारी जेन ऑस्टिन १८१७ मध्येच गेली. बोनेट, बग्गी आणि मोठा वाडा दिसला की सगळं एकाच पेटीत टाकायची आपल्याला सवय आहे. पेशवाई आणि शिवकाल यांची पगडी एकच दाखवली तर आपण चिडतो, तसंच हे.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट. व्हिक्टोरियन काळात लिहिलेली कादंबरी त्याच काळात घडते असं नाही. 'व्हॅनिटी फेअर' आली १८४७-४८ मध्ये, पण तिच्यात वॉटर्लूची लढाई आहे. 'मिडलमार्च' १८७१-७२ ची, घडते १८२९ ते १८३२ मध्ये. उलट 'फॉरसाइट सागा' विसाव्या शतकात लिहिलेली, पण सुरू होते व्हिक्टोरियाच्या राज्यात. तिच्यावरची १९६७ ची २६ भागांची मालिका रविवारी संध्याकाळी दाखवायला लागले तेव्हा काही चर्चना प्रार्थनेची वेळ बदलावी लागली होती. आपल्याकडे 'रामायण'च्या वेळी रस्ते ओस पडायचे, त्याच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट.

एकच बघायची असेल तर कुठली?

डिकन्सच्या कादंबरीवरची 'ब्लीक हाउस', २००५ ची. हे माझं ठाम मत आहे आणि त्यावर घरात भांडणं झालेली आहेत.

१५ भाग. पहिला तासाचा, बाकीचे अर्ध्या तासाचे. म्हणजे एकूण आठ तासांत सुमारे हजार पानी कादंबरी. विषय कोर्टाचा: जार्न्डिस विरुद्ध जार्न्डिस हा वारसाहक्काचा खटला इतकी वर्षं चाललाय की तो कशाबद्दल आहे हेच कुणाला नीट सांगता येत नाही. वकील गब्बर होतात, पक्षकार झिजतात. सातबाऱ्यावरच्या नावासाठी तालुक्याला खेपा घातलेल्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. बाजूला एक रहस्य आहे, एक खून आहे आणि लेडी डेडलॉक नावाची एक गोठून गेलेली बाई आहे. ते काम जिलियन अँडरसनने केलंय. 'एक्स फाइल्स'मध्ये तिला पाहिलेल्यांना पहिले दहा मिनिटं विश्वास बसत नाही. चार्ल्स डान्सचा टल्किंगहॉर्न हा वकील आवाजसुद्धा चढवत नाही, तरी तो खोलीत आला की आपण सावरून बसतो.

या मालिकेत कॅमेरा अचानक झपकन पुढे येतो, दृश्य बदलताना सूं-सूं आवाज होतात. काहींना त्याने डोकं दुखतं. दोन भाग सहन करा, सवय होते.

प्रेमकथाच हवी असेल तर 'नॉर्थ अँड साउथ' (२००४). त्याबद्दल खाली.

एवढी लांब मालिका कशाला? दोन तासांचा सिनेमा पुरत नाही का?

ही कादंबरी मुळात एका बैठकीत वाचायला लिहिलेलीच नव्हती. 'ब्लीक हाउस' मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ दर महिन्याला एका शिलिंगच्या पातळ पुस्तिकेतून आली: ३२ पानं, दोन चित्रं, आणि उरलेल्या महिनाभराची चुटपुट. १९ महिने. डिकन्स पुढचा हप्ता लिहीत असताना लोक मागच्यावर चर्चा करत होते. त्यातलं एक पात्र आपोआप पेट घेऊन मरतं तेव्हा जॉर्ज हेन्री ल्यूइस या समीक्षकाने छापील टीका केली की असं विज्ञानात बसत नाही, आणि डिकन्सने त्यापुढच्या हप्त्यात कादंबरीतच त्याला टोला हाणला.

म्हणजे दर भागाच्या शेवटी दारावर टकटक व्हायची आणि आपण 'अरेच्चा' म्हणायचं, ही युक्ती टीव्हीची नाही. २००५ मध्ये बीबीसीने ही मालिका 'ईस्टएंडर्स' या कौटुंबिक मालिकेला लागून, आठवड्यातून दोनदा लावली. काही विद्वानांनी नाकं मुरडली. डिकन्स हयात असता तर त्याने हीच वेळ मागून घेतली असती असं मला वाटतं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' 'करमणूक' साप्ताहिकातून अशीच हप्त्याहप्त्याने आली.

मालिका बघितली की कादंबरी वाचायची गरज उरते का? (एम.ए.ला 'मिडलमार्च' आहे. लवकर सांगा.)

परीक्षेसाठी उरते. सॉरी.

का, ते सांगतो. १९९४ ची 'मिडलमार्च' सुंदर आहे. जुलिएट ऑब्रीची डोरोथिया बघून मी मुद्दाम कादंबरी विकत घेतली. पण जॉर्ज एलियटची (या बाई, खरं नाव मेरी ॲन एव्हान्स) कादंबरी म्हणजे नुसत्या घटना नव्हेत. घटना सांगता सांगता थांबून आपल्या खांद्यावर हात ठेवणारा एक आवाज तिथे आहे. कोसॉबन हा म्हातारा, कोरडा पंडित 'सर्व पुराणकथांची गुरुकिल्ली' नावाचा कधीच पुरा न होणारा ग्रंथ लिहीत बसलाय, आणि तरुण डोरोथिया त्याच्याशी लग्न करून पस्तावते. वाचक अडीचशे-तीनशे पानं त्याचा मनसोक्त तिरस्कार करतो. मग एका प्रकरणाच्या सुरुवातीला डोरोथियाबद्दल सुरू झालेलं वाक्य ती बाई मध्येच तोडते आणि विचारते, दरवेळी डोरोथियाच का? या माणसालाही आतून काही होत असेल ना? आणि तिथून आपल्याला कोसॉबनच्या छातीत बसवते. परीक्षेत प्रश्न यावरच येतो.

कॅमेऱ्याला हे करता येत नाही. पॅट्रिक मालाहाइड या नटाने डोळ्यांतून थोडं केलंय, जिन्यावर एकटा उभा असताना विशेषतः. पटकथाकाराने आणखी एक उपाय केला: अगदी शेवटी जूडी डेंचच्या आवाजात लेखिका बोलते. तेवढ्याने अंगावर काटा येतो, पण तो एका मिनिटाचा आवाज आहे आणि पुस्तकात तो आठशे पानं सोबत करतो.

कुठलीही व्हिक्टोरियन मालिका बघताना मी आता हेच शोधतो: गोष्ट सांगणाऱ्या माणसाचं त्यांनी काय केलं? कीर्तनातून बुवा काढून घेतले आणि नुसतं आख्यान ठेवलं तर काय उरेल, तसा हा प्रश्न आहे. बहुतेक मालिका बुवांना सरळ घरी पाठवतात. काही जागा भरून काढतात. 'ब्लीक हाउस'मध्ये दोन निवेदक आहेत, एस्थर स्वतःची गोष्ट भूतकाळात सांगते आणि दुसरा एक बेनाम, कडवट आवाज सगळं लंडन वर्तमानकाळात बघतो. २००५ च्या मालिकेतला तो उतावळा, नाक खुपसणारा कॅमेरा म्हणजे तोच दुसरा निवेदक, असं मी धरून चालतो. 'व्हॅनिटी फेअर'च्या २०१८ च्या मालिकेने तर लेखकालाच, थॅकरेला, पडद्यावर आणलं: मायकल पेलिन थॅकरे बनून भागाच्या सुरुवातीला प्रेक्षकांशी बोलतो. कल्पना चांगली, पण तो दोन वाक्यं बोलून जातो आणि कादंबरीतला थॅकरे पानोपानी खोड्या काढतो.

'जेन एअर'च्या एवढ्या आवृत्त्या आहेत. कुठली?

मूळ शब्द ऐकायचे असतील तर १९८३ ची, ११ भागांची. संवाद बरेचसे कादंबरीतलेच आहेत. एक अडचण: नायक रॉचेस्टर दिसायला देखणा नाही हे कादंबरीत ठासून सांगितलंय. तो जेनला विचारतो, मी देखणा आहे का, आणि ती फटकन 'नाही' म्हणते. इथे तो प्रश्न टिमोथी डाल्टन विचारतो, जो चार वर्षांनी जेम्स बाँड झाला. जेन खोटं बोलतेय असंच वाटतं.

भावनेचा जोर हवा असेल तर २००६ ची, रूथ विल्सन आणि टोबी स्टीव्हन्सची. चारच भाग आहेत.

अँड्र्यू डेव्हिस हे नाव सगळीकडे का दिसतं?

कारण तो सगळीकडे आहे. 'मिडलमार्च', १९९८ ची 'व्हॅनिटी फेअर', 'वाइव्ह्ज अँड डॉटर्स', 'द वे वी लिव्ह नाउ', 'डॅनिएल डेरोंडा', 'ब्लीक हाउस', 'लिटल डॉरिट', या सगळ्या पटकथा त्याच्या. विक्रम सेठच्या 'अ सूटेबल बॉय'वरची २०२० ची मालिकाही त्यानेच लिहिली. आधी तो वॉरिक विद्यापीठात शिकवायचा. त्याच्यावरचा नेहमीचा आरोप असा की लेखकाने दाराबाहेर ठेवलेला शृंगार तो दार उघडून आत आणतो. आरोप खरा आहे. मात्र गर्दीतून गोष्ट कुठल्या टोकाने उचलायची हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. 'मिडलमार्च' कादंबरी सुरू होते सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संत तेरेसावरच्या चिंतनाने. त्याची मालिका सुरू होते गावात येणाऱ्या घोडागाडीतल्या तरुण डॉक्टरपासून.

त्याच्याइतकंच सँडी वेल्श हे नाव लक्षात ठेवा. 'अवर म्युच्युअल फ्रेंड' (१९९८), 'नॉर्थ अँड साउथ' आणि २००६ ची 'जेन एअर' तिची.

शेवट का बदलतात? (इथून पुढे दोन कादंबऱ्यांचे शेवट फुटतील.)

कधी कधी बदलण्यावाचून इलाजच नसतो. एलिझाबेथ गॅस्केलबाई 'वाइव्ह्ज अँड डॉटर्स' लिहिता लिहिता नोव्हेंबर १८६५ मध्ये अचानक गेल्या. मासिकाच्या संपादकाने बाईंच्या मनात काय होतं ते सांगणारी टीप जोडून कादंबरी संपवली. १९९९ च्या मालिकेत टीप कशी दाखवणार? डेव्हिसने नायिकेला पावसात धावायला लावलं आणि शेवटी नायकाबरोबर थेट आफ्रिकेच्या वाळवंटात, तेही पँट घालून, चालताना दाखवलं. गॅस्केलबाईंनी हे लिहिलं नसतं. मला आवडलं.

'नॉर्थ अँड साउथ'ची गोष्ट वेगळी. कादंबरीत शेवटचा प्रसंग लंडनमधल्या एका खोलीत घडतो: नायिका गिरणीमालक नायकाला गिरणीसाठी पैसे देऊ करते, व्यवहाराचं बोलता बोलता दोघांचा बांध फुटतो. मालिकेत हे सगळं एका रेल्वे स्टेशनवर होतं. ती उत्तरेकडून येतेय, तो दक्षिणेकडून, गाड्या मधल्या स्टेशनवर थांबतात. सगळ्यांसमोर चुंबन घेतात, जे १८५० च्या दशकात कुणी घेतलं नसतं. तरीही दोन दिशांच्या गाड्या मध्यावर भेटणं हे कादंबरीच्या नावाचंच चित्र आहे. शिवाय गॅस्केलबाईंचा स्वतःचाच त्या शेवटावर जीव नव्हता. डिकन्सच्या साप्ताहिकातून येताना जागा कमी पडली, त्यांना उरकावं लागलं, म्हणून पुस्तक निघताना त्यांनी शेवटाकडे भर घातली.

आणि डिकन्सनेही शेवट बदललेत. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा पहिला, उदास शेवट त्याने बुल्वर-लिटन या मित्राच्या सांगण्यावरून टाकून दिला. त्यामुळे त्या कादंबरीचे मालिकावाले 'मूळ शेवट' म्हणतात तेव्हा कुठला, हे आधी विचारावं.

माझी तक्रार बदलाबद्दल नाहीच. २०२३ च्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये अंधार, शिव्या आणि अफू वाढवली आणि विनोद काढून टाकला. पिपच्या घरची नाताळची जेवणावळ ज्याला हसवत नाही, त्याने डिकन्सला हात लावू नये.

'नॉर्थ अँड साउथ'मधली गिरणी खरी आहे का?

हो. मागांचं चित्रण लँकेशायरमध्ये बर्नली इथल्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये झालं, वाफेवर चालणारे जुने माग तिथे जपून ठेवलेत. नायिका दार सरकवते आणि आत पांढरा कापूस बर्फासारखा तरंगत असतो. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, किती सुंदर. मी ते माझ्या मामांबरोबर बघितलं. आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. मामा एवढंच म्हणाले, 'हा कापूस त्यांच्या छातीत गेला.' आणि पुढच्याच भागात बेसी नावाची मुलगी तेच सांगते: फुफ्फुसात कापूस बसलाय, मालक पंखा बसवत नाहीत कारण पैसे लागतात.

योगायोग असा की कादंबरी साप्ताहिकातून यायला लागली १८५४ मध्ये, आणि त्याच वर्षी कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी केली. यंत्रं अर्थात लँकेशायरहून आली. गिरणगावाशी नातं असलेल्या घरात ही मालिका संपाच्या भागापासून वेगळीच दिसते.

या कथांमध्ये भारत कुठे दिसतो का?

दिसतो, बहुतेक वेळा दाराआडून. 'जेन एअर'मधला सेंट जॉन तिला मिशनरी म्हणून हिंदुस्थानात न्यायला निघतो आणि तिला हिंदुस्थानी भाषा शिकायला बसवतो. 'क्रॅनफर्ड'मध्ये हरवलेला भाऊ हिंदुस्थानातून परततो. 'व्हॅनिटी फेअर'चा जॉस सेडली कंपनीचा कलेक्टर. त्याच्या घरी बेकी शार्पला आधी करी जाळते आणि मग 'चिली' हे नाव ऐकून मिरची थंडगार असेल अशा समजुतीने ती तीही खाते. थॅकरेचा जन्मच कलकत्त्याचा.

थेट नातं 'मूनस्टोन'चं. सोमनाथच्या देवाचा हिरा, १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत एक इंग्रज तो पळवतो, आणि तीन ब्राह्मण इंग्लंडपर्यंत माग काढत येतात. १८६८ च्या मानाने विल्की कॉलिन्सने लुटारू कोण हे स्वच्छ सांगितलंय. बीबीसीने ती १९७२, १९९६ आणि २०१६ मध्ये केली. रहस्यकथेसाठी उत्तम, पण त्या तिघांना माणूस म्हणून उभं करणारी आवृत्ती मला अजून भेटलेली नाही.

आता या मालिकांत काळे आणि आशियाई नट दिसतात. हे इतिहासाला धरून आहे का?

तेव्हाचं लंडन आपल्याला वाटतं तितकं एकरंगी नव्हतं. बंदरात लास्कर, म्हणजे आपल्याकडचे खलाशी, त्यात कोकणातलेही, उतरत असत. 'वुदरिंग हाइट्स'मध्ये नायकाला, लहान हीथक्लिफला, बघून शेजारी म्हणतो, हा लास्कर दिसतो, नाहीतर अमेरिकन किंवा स्पॅनिश. तरी टीव्हीवर हीथक्लिफ गोराच राहिला, २००९ मध्ये टॉम हार्डीसुद्धा. उलट 'एडविन ड्रूड'मध्ये सिलोनहून आलेली जुळी भावंडं आहेत. २०१२ च्या मालिकेत भावाचं काम साचा धवनने केलं आणि त्यांना वाट्याला येणारा संशय एकदम कळला. २००८ च्या 'लिटल डॉरिट'मध्ये टॅटीकोरम ही घरात 'मुलीसारखी' ठेवलेली, पण मोलकरणीचं काम करणारी पोरगी फ्रीमा अजमन या कृष्णवर्णी नटीने केली. तिचा संताप पुस्तकात आक्रस्ताळा वाटतो. इथे तो समजतो.

जुन्या मालिका नाटकासारख्या का वाटतात?

कारण त्या जवळजवळ नाटकासारख्याच बनायच्या. सत्तर-ऐंशीच्या दशकात खोलीतले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओटेपवर आणि बाहेरचे फिल्मवर घ्यायचे. पात्र दारातून अंगणात आलं की चित्राचा पोतच बदलतो. त्याआधीच्या तर पुष्कळ पुसल्याच गेल्या. टेप महाग, म्हणून त्यावर दुसरं काही घ्यायचे. १९६६ मध्ये तरुण इयन मकेलन डेव्हिड कॉपरफील्ड झाला होता, त्यातले थोडेच भाग उरलेत.

म्हणून त्या टाळू नका. १९८२ ची 'बार्चेस्टर क्रॉनिकल्स' बघा. चर्चमधलं राजकारण, बिशपची बायको आणि ॲलन रिकमनचा गोडबोल्या, चिकट ओबाडाया स्लोप. सहकारी बँकेच्या निवडणुका पाहिलेल्यांना ओळखीचं वाटेल.

इंग्रजी कळत नाही, काय करू?

इंग्रजी सबटायटल्स लावा. लाजू नका, मीही लावतो. पात्रांची नावं एका कागदावर लिहून ठेवा, डिकन्सला तर हवाच.

मुलांना दाखवता येईल अशी कुठली?

१९९९ ची 'डेव्हिड कॉपरफील्ड'. छोटा डेव्हिड म्हणजे हॅरी पॉटर होण्याआधीचा डॅनिएल रॅडक्लिफ, आणि आत्या मॅगी स्मिथ. मुलं लगेच बसतात.

'लिटल डॉरिट'बद्दल फारसं कुणी बोलत नाही. बघावी का?

नक्की. डिकन्सच्या वडिलांना १८२४ मध्ये कर्जापायी मार्शलसी तुरुंगात टाकलं होतं, गोष्ट घडते तो हाच तुरुंग. बापाचं काम टॉम कोर्टनेचं, लेकीचं क्लेअर फॉयचं. सात एमी पुरस्कार मिळाले. आणि मालिका लागली २००८ च्या शरदात, लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाल्यावर काही आठवड्यांतच, तर गोष्टीत मर्डल नावाचा एक बडा सावकार, ज्याच्याकडे सगळं गाव डोळे मिटून पैसे ठेवतं. चित्रण आधीच झालेलं होतं. कुणी मुद्दाम जुळवायला गेलं असतं तर जमलं नसतं.

सगळे भाग एका दमात बघावेत का?

मी एकदा 'ब्लीक हाउस' शनिवार-रविवारात संपवली. सोमवारी फक्त मान दुखत होती. पुढच्या वेळी आईबरोबर बघितली, आणि तिने नियम घातला: मंगळवारी एक, शुक्रवारी एक, जास्त नाही. आठ आठवडे लागले. मधल्या दिवसांत भाजी निवडताना तिचे अंदाज चालायचे, गपीवर तिचा जीव जडला, स्मॉलवीड दिसला की ती 'आला मेला' म्हणायची. खून झाला त्या शुक्रवारी मी पुढचा भाग लावायला गेलो तर तिने रिमोट काढून घेतला. खुनी कोण, ते तिने तेव्हाच सांगून टाकलं होतं. बरोबर निघालं. कशावरून ओळखलंस विचारलं तर म्हणाली, 'तिच्या चालण्यावरून.'